प्रॉम्प्टरची पोरगी

प्रेमिलाला एका जागी बसवत नाही, हे निर्मलाबाईंचं लेकीबद्दलचं जुनं गाऱ्हाणं. जेवताना हिचा पाय हलतो, अभ्यास करताना हलतो, पाहुण्यांपुढे चहा घेऊन उभी राहिली तरी या पायावरचा भार त्या पायावर आणि त्या पायावरचा या पायावर असा खेळ चालूच. "या पोरीच्या पायात देवानं भवरा बसवला वं," असं त्या आल्यागेल्याला सांगत. आणि नशिबाची थट्टा अशी, की शाळेच्या सगळ्या वर्षांत या पोरीच्या वाट्याला एकच काम आलं, आणि ते होतं मान खाली घालून, कुणाला न दिसता, एका जागी बसून राहण्याचं.

ते तिच्याकडे बापाकडून आलं. चैतराम तसा धानाचा शेतकरी. पण दिवाळी झाली, गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या, की त्याचं लक्ष शेताच्या बांधीतून उठे. सालेकशाच्या आसपास कुठेही मंडईचं नाटक असलं की त्याला बोलावणं येई. तो नट नव्हता, प्रॉम्प्टर होता. झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे काय चीज असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. नायक एका गावचा, नायिका दुसऱ्या गावची, खलनायक दुपारच्या पॅसेंजरने उतरलेला. तालीमबिलीम काही नाही. रंगमंचापुढच्या खड्ड्यात पेटीवाल्याच्या शेजारी प्रॉम्प्टर बसतो, वाक्य सांगतो, आणि वरचा माणूस ते उचलून रडतो, हसतो, तलवार उपसतो. पुढच्या रांगांना प्रॉम्प्टरचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. पण त्याच्याकडे लक्ष कोण देतो? टाळ्या वरच्याला.

चैतरामला याचं काही वाटत नसे. निदान तो दाखवत नसे. वाटे ते निर्मलाबाईंना. गोणपाटाचा बोरा अंथरून त्या पुढे बसत आणि शेजारची एखादी बाई हटकून विचारी, "तुया नवऱ्याचं काम कोनतं आहे वं?" तिकडे नाटकातल्या भूमिकेला काम म्हणतात. निर्मलाबाई खड्ड्याकडे हात दाखवून म्हणत, "खालतं आहे." मग त्या बाईचं "हो का" असं येई, आणि त्या "हो का"चा राग निर्मलाबाई घरी आल्यावर भांड्यांवर काढत.

प्रेमिला लहानपणी त्याच खड्ड्यात बापाजवळ बसून नाटकं बघायची. लोकांनी नायिकेचे डोळे पाहिले, हिने पैंजणांखालच्या भेगाळलेल्या टाचा पाहिल्या. वाक्य कधी सोडायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. नट श्वास घेतो तेव्हा सोडायचं, तो बोलत असताना नाही, एवढं तिला आपोआप कळलं. आणि एक गोष्ट चैतरामने तोंडाने सांगितली. "कागदावर आहे थेच बोलाचं. आपल्या मनचं एक अक्षर नाही. वरचा मानूस डोरे मिटून तुयावर इस्वास ठेवते."

पाचवीत ती मोठ्या शाळेत आली. शाळा रेल्वेलाइनच्या बाजूला. एक्स्प्रेस गेली की खिडक्या थडथडत आणि सर खडू हातात धरून गाडी जाईपर्यंत थांबत. पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेला हर्षाला प्रतिज्ञा सांगायला उभं केलं. हर्षा म्हणजे वर्गातली गोरी, धिटाईने बोलणारी मुलगी. पण अख्खी शाळा समोर पाहून ती पुढचं विसरली. मागच्या रांगेतून अगदी हळू, अगदी वेळेवर पुढचे शब्द आले. हर्षाने ते उचलले. प्रतिज्ञा पार पडली, हर्षाची पाठ थोपटली गेली, आणि त्या दिवसापासून प्रेमिला कामाला लागली ती लागलीच.

उमेंद्रची पंधरा ऑगस्टची भाषणं, हर्षाच्या कविता, पाहुण्यांच्या स्वागताला घोकलेले श्लोक, सगळ्यांच्या मागे ही. स्वप्निलचं तर विचारूच नका. स्वप्निल हा धानाचे व्यापारी मुन्नालाल यांचा मुलगा. दिसायला देखणा, केस हिरोसारखे, पाठांतराच्या नावाने शंख. प्रत्येक स्नेहसंमेलनात नायक तोच आणि त्याच्या तोंडात वाक्य घालणारी हीच. "टेन्शन नको रे, प्रेमिला है ना नीचे," असं तो खुशाल म्हणायचा. सवय इतकी जडली, की सातवीच्या घटक चाचणीत उमेंद्र शेजारी पेन चावत बसलेला पाहून हिचे ओठ हलले. सरांनी हिला उठवून बाहेर काढलं. उमेंद्रने पेपर पुरा केला.

तर अशी ती बारावीत आली. जानेवारी संपत आला, बोर्डाची परीक्षा डोक्यावर आली, आणि अकरावीच्या पोरांनी बारावीला निरोप द्यायचा दिवस ठरला. मराठीचे लिल्हारे सर स्वतः मंडईच्या नाटकात वर्षाकाठी एखादं काम करणारे. त्यांच्या अंगात नाटक होतं. त्यांनी जाहीर केलं, "यंदा रडकी भाषणं नाहीत. पाचवी ते बारावी, तुमची सगळी वर्षं आपण नाटकात दाखवू. सगळ्यांना काम. एकही जण सुटणार नाही." मग त्यांनी एकेकाला बोलावून विचारलं, की वर्गातल्या इतरांची काय आठवण आहे ती सांग. प्रेमिला अर्धा तास बोलली. कोणाचं काय, कधी, कुठे, तिला सगळं तोंडपाठ. सर भराभर लिहीत होते आणि म्हणत होते, "वा! हे तर मी विसरलोच होतो."

वाचनाच्या दिवशी सरांनी कागद तिच्याच हातात दिले. वाचणार दुसरं कोण? बाकीचे बाकांवर पसरले, आणि ती उभं राहून सगळ्यांच्या आवाजात वाचू लागली. पाचवीचा पहिला दिवस आला, खिचडीच्या खोलीत शिरलेलं माकड आलं, हर्षाची प्रतिज्ञा आली. प्रतिज्ञेशी तिला वाटलं, आता आपलं नाव येईल. कागदावर होतं, "हर्षा क्षणभर अडखळते, मग आत्मविश्वासाने प्रतिज्ञा पूर्ण करते." तिने ते वाचलं आणि पुढे गेली. नववीची, आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडची सहल आली. गड उतरताना हर्षाचा पाय मुरगळला होता, आणि प्रेमिलाने तिला खांद्याचा आधार देऊन पायथ्याच्या दर्ग्यापर्यंत आणलं होतं. दोन दिवस खांदा दुखत होता. कागदावर हर्षाचं वाक्य होतं, "मैत्रिणींनी मला खाली आणलं." मैत्रिणींनी! प्रेमिलाने तेही वाचलं. अकरावीतले धानाच्या रोवणीचे दिवस आले, अख्खा वर्ग चिखलात आणि सर एकटे वर्गात, त्यावर पोरं पोट धरून हसली. मग शेवटचा प्रवेश आला. स्वप्निल एकटा पुढे येतो आणि वर्गातल्या एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव येईल त्याने पुढे यायचं. ती नावं वाचू लागली. नावं संपली. मग निरोपाचं एक शेवटचं वाक्य, आणि कागद संपले.

टाळ्या वाजल्या. कुणालाच काही कमी वाटलं नाही, आणि हेच तिला सर्वांत जास्त लागलं. मुद्दाम गाळलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ती सरांकडे गेली. "सर, माझं..."

"तुझं काय? अगं, तुझ्यावरच तर नाटक आहे सारं," सर मनापासून म्हणाले. "तू खाली नसशील तर हे गाढव दोन मिनिटं वर टिकणार नाहीत." ते कौतुक होतं. ती "हो सर" म्हणाली आणि सायकल घेऊन निघाली.

घरी पाय ठेवते तो निर्मलाबाई ओट्यावर वाटच पाहत बसलेल्या. हर्षाच्या आईने बाजारात सगळी खबर दिली होती.

"सगळ्याइले काम आहे म्हनते. तुयं काम कोनतं आहे वं?"

आईच्या तोंडावर असं काही होतं, की प्रेमिलाला खरं बोलणं जमलं नाही. "आहे ना माय," ती म्हणाली.

"वरतं आहे का खालतं?"

"वरतं."

"कधी येतेस तू?"

"शेवटी. लहानसंच आहे."

"लहान असू दे का मोठं, वरतं आहे ना!" निर्मलाबाई उठल्याच. त्याच संध्याकाळी शेजारच्या सुशिलाबाईंना निमंत्रण गेलं, आणि पेटीतलं जांभळं लुगडं बाहेर निघून दांडीवर आलं. चैतराम आत विळ्याला धार लावत होता. त्याचा हात जरा थांबला, मग पुन्हा चालू झाला.

पुढचे दिवस प्रेमिलाचे कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. पुस्तक उघडलं की अक्षरं पळत. ती सायकल काढून रेल्वे फाटकापर्यंत जायची, तिथून परत यायची, घर दिसलं की पुन्हा वळायची. कधी तिला वर्गाचा राग येई, कधी सरांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात घास घालत बसायला सांगितलं होतं कुणी? हात वर करून "सर, मी बोलते" म्हणायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. तिने कधी हात वर केलाच नव्हता. आता आई जांभळं लुगडं नेसून पुढे बसणार, शेवटपर्यंत वाट पाहणार, आणि पडदा पडल्यावर सुशिलाबाई विचारणार. त्या "हो का"ची आठवण झाली की प्रेमिला पुन्हा सायकलीला टांग मारी.

आणि मग फाटकाशी, मालगाडी जाईपर्यंत उभी असताना, तिला ते सुचलं. इतकं सोपं, की तिची तीच दचकली. वरचा माणूस प्रॉम्प्टर सांगेल ते बोलतो. स्वप्निल तर विचारही करत नाही. शेवटच्या प्रवेशात सगळी नावं सांगून झाली, की आणखी एक वाक्य सोडायचं. "आणि आमची प्रेमिला. प्रेमिला, वर ये." तो बोलून जाईल. ती वर जाईल. आईला काम दिसेल. एका वाक्याचा प्रश्न होता.

त्या रात्री भाकर वाढता वाढता तिने बापाला विचारलं, "बाबा, कागदावर नाही थे सांगतलं, तं वरचा बोलते का?"

चैतरामने तिच्याकडे पाहिलं. "बोलते. त्याले कोठं समजते?"

"मंग?"

"मंग काही नाही. बोलून जाते," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खाऊ लागला. पुढे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण त्या "काही नाही"ने तिची झोप घालवली. बाप रागावला असता तर तिने जिद्दीने केलं असतं.

निरोपाचा दिवस उजाडला. अकरावीच्या पोरांनी शाळेचा ओटा झेंडूने आणि रंगीत कागदांनी मढवला होता. मुली साड्या नेसून आल्या होत्या, आणि त्या साड्या सांभाळण्यातच निम्मा जीव गुंतला होता. मुलांनी गॉगल आणले होते. जो तो मोबाइल उंच धरून फोटो काढत होता. प्रेमिलाही आईची पिवळी साडी नेसली होती. ओट्याच्या पुढे दोन बाक आडवे लावून तिच्यासाठी आडोसा केला होता, आणि त्या आडोशात ती पिवळी साडी घेऊन बसली तेव्हा हर्षा वरून वाकून म्हणाली, "अगं, साडी मळेल ना तुझी! साधा ड्रेस नाही का घालायचा? तुला कोण बघतंय?" हर्षा वाईट मुलगी नव्हती. तिला खरंच साडीची काळजी वाटली होती.

बाकाच्या फटीतून प्रेमिलाला पुढची रांग दिसत होती. बोऱ्यावर जांभळं लुगडं, शेजारी सुशिलाबाई. बाप्यांच्या बाजूला, पार मागे, कडुनिंबाला टेकून चैतराम उभा होता. म्हणजे तिथवर तिचा आवाज पोचणार नव्हता. पण तो ओठांवरून, श्वासावरून, नटाच्या थांबण्यावरून सगळं ओळखायचा. त्याला कान लावायची गरजच नव्हती.

नाटक रंगलं. अहो, रंगणारच! माकड झालेल्या टिंकूने प्रेक्षकांत उडी मारून मुख्याध्यापकांच्या पुढ्यातलं केळं पळवलं, तेव्हा बाया बोऱ्यांवर लोळायच्या बाकी राहिल्या. उमेंद्रने लिल्हारे सरांचं काम केलं. गाडी जाईपर्यंत खडू धरून थांबण्याची नक्कल करत असताना खरोखरीची एक्स्प्रेस धडधडत गेली आणि सगळी शाळा टाळ्या वाजवत उठली. खाली प्रेमिला वाक्यामागून वाक्य सोडत होती. तिचा पाय बाकाखाली शिवणयंत्रावर असल्यासारखा चालला होता. हर्षा प्रतिज्ञेशी अडखळली, म्हणजे नाटकात अडखळायचं तसं अडखळली, आणि मग खरोखरच पुढचं विसरली. प्रेमिलाने पाचवीत दिले होते तेच शब्द तिला पुन्हा दिले. हर्षाने प्रतिज्ञा आत्मविश्वासाने पूर्ण केली.

निर्मलाबाई प्रत्येक नव्या प्रवेशाला मान उंच करत होत्या. सुशिलाबाईंनी काहीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या ते फटीतून स्पष्ट ऐकू आलं. "आखरीले आहे तिचं. चांगलं मानूस आखरीलेच येते."

शेवटचा प्रवेश आला. सगळा वर्ग मागे अर्धगोलात उभा राहिला, आणि स्वप्निल लटकत्या माइकसमोर आला. केस मागे सारून, गळ्यात दाटल्यासारखं करून बोलू लागला. ती सांगत होती, तो बोलत होता. आमचा उमेंद्र, भाषणाचा बादशहा. उमेंद्र पुढे आला. आमचा टिंकू, आमची हर्षा, आमची चंदा. एकेक नाव खालून वर गेलं आणि माइकमधून मोठं होऊन गावभर पसरलं. एकेक जण पुढे येऊन हात जोडत होता, आणि त्याची आई पदराने डोळे टिपत होती.

नावं संपली. स्वप्निलने श्वास घेतला. हीच ती जागा.

प्रेमिलाने तोंड उघडलं. "आणि" एवढा शब्द तिच्या जिभेवर आलाही होता. पण आपलं नाव आपणच खालून ढकलत वर पाठवायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि ते कुणाच्याच मनातून आलेलं नाही हे फक्त आपल्याला आणि कडुनिंबाला टेकलेल्या त्या माणसाला माहीत असायचं, या विचाराशी ती अशी अडली, की ते नाव तर निघेनाच, कागदावरचं पुढचं वाक्यही निघेना. पाचवीपासून पहिल्यांदा खालून काही आलं नाही. तिच्या लक्षात आलं, की पायही हलायचा थांबला आहे.

स्वप्निल थांबला. हसरं तोंड तसंच ठेवून त्याने थोडी वाट पाहिली. घसा खाकरला. मागच्यांकडे पाहिलं, मागच्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं, कारण कुणाला कधी ते ठाऊक असायची गरजच पडली नव्हती. लिल्हारे सर विंगेतून हात हलवत होते. शेवटी स्वप्निलच्या कपाळावर घाम आला, तो ओट्याच्या कडेशी आला, खाली वाकला, आणि माइक डोक्यावरच आहे हे विसरून काकुळतीने ओरडला,

"प्रेमिला! अगं प्रेमिला, बोल ना यार!"

सगळ्या पटांगणाला ते नाव ऐकू गेलं. हशा उसळला. आणि त्या हशात पुढच्या रांगेतलं जांभळं लुगडं ताडकन उठून उभं राहिलं.

"आली वं आली! आता येते माही पोरगी!" निर्मलाबाई चारी बाजूंना सांगत होत्या. "चूप बसा ना जरासे! माह्या पोरीचं काम आहे!"

लोक खरंच गप्प झाले. प्रेमिलाने फटीतून आईचं तोंड पाहिलं. आता बसून राहणं शक्य नव्हतं. ती उठली, हातातले कागद स्वप्निलच्या हातात कोंबले, साडीचा घोळ धरून ओट्यावर चढली आणि माइकसमोर येऊन उभी राहिली.

वरून सगळं वेगळंच दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढे डोळे! आपल्यालाच बघणारे! तिच्या डोक्यातली सगळ्यांची सगळी वाक्यं एकदम पुसली गेली. आपलं असं एकही वाक्य तिला सापडेना. आजवर कधी लागलंच नव्हतं.

स्वप्निल मनाने चांगला. त्याने ओट्यावरून खाली उडी मारली, बाकाआड जाऊन बसला आणि कागद उलटसुलट करू लागला. एक पान, दुसरं पान, पुन्हा पहिलं. तिने त्याच्याकडे आशेने पाहिलं. त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू दुसऱ्याच कशात बदलत गेला, आणि तो अगदी प्रॉम्प्टरच्या हळू आवाजात म्हणाला,

"याच्यात तुझं काहीच नाही."

आणि वरच्या माणसाने करायचं तेच प्रेमिलाने केलं. खालून आलेलं वाक्य उचललं.

"याच्यात माझं काहीच नाही," ती म्हणाली.

माइकमधून ते सगळीकडे गेलं. कुणी हसलं नाही. बायांच्या बाजूला कुणीतरी "च् च्" केलं. ती उभी होती, पुढच्या वाक्याची वाट पाहत, आणि खालून काही येत नव्हतं, कारण स्वप्निल दोन्ही हातांत कागद धरून नुसता तिच्याकडे बघत बसला होता. मग तिला कळलं, की पुढचं आता आपल्यालाच आणायचं आहे.

"मी खाली होती," ती म्हणाली. आवाज चिरकला. "पाचवीपासून मी खालीच होती. पण मी होती." आणि एवढं बोलून तिने सगळ्यांसारखे हात जोडले.

निर्मलाबाईंनी टाळी वाजवली. मग सुशिलाबाईंनी, मग सगळ्यांनी. लिल्हारे सर धावत माइकशी आले, "वा! काय शेवट केला पोरांनी!" म्हणाले, आणि सर्वांनी जेवून जाण्याची विनंती केली. पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदीच्या पंगती बसल्या. पोरी तिला येऊन बिलगल्या. "काय ॲक्टिंग केलीस गं! मला रडूच आलं," हर्षा म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर ओले होते. "सरांनी हे कधी लिहिलं? आम्हाला सांगितलंच नाही." प्रेमिलाने तिच्याकडे पाहिलं. सांगावंसं वाटलं, आणि वाटेनासंही झालं. तिने हर्षाच्या पानात आपली बुंदी टाकली.

एकटा स्वप्निल लांब नळाशी उभा होता. ती हात धुवायला गेली तेव्हा त्याने ते कागद पुढे केले. "मैंने दो बार देखा," तो खाली बघत म्हणाला. "तुझं नाव कुठेच नाही. मी सरांना तुझं काहीच कसं सांगितलं नाही, यार?" तिने कागद घेतले नाहीत. तो तिथेच ते कागद धरून उभा राहिला.

घरी जाताना निर्मलाबाई सुशिलाबाईंबरोबर पुढे निघाल्या. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होत्या, की सगळं नाटक झालं, पण शेवटी माझ्या पोरीने दोन वाक्यांत सगळ्यांना गप्प केलं. मागून चैतराम सायकल हातात धरून चालत होता आणि प्रेमिला त्याच्या बाजूने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेल्या बांध्यांमधून धानाची खुंटं उभी होती.

"थे कागदावर नव्हतं," चैतराम म्हणाला.

"नव्हतं, बाबा."

"मले समजलं."

तिला वाटलं, आता येईल. आपल्या मनचं एक अक्षर नाही, हे वाक्य येईल. ती वाट पाहत राहिली, आणि तिचा पाय आपोआप भराभर पडू लागला. पण तो काहीतरी दुसरंच बोलायला शब्द शोधत होता. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेवर वाक्य देणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडायला फाटक यावं लागलं.

"वरतून कसं दिसते वं?" त्याने विचारलं.

"भेव लागते," ती म्हणाली. "सगळे आपल्याचकडे पाहून रायले असं वाटते."

चैतरामने मान डोलावली. फाटक बंद होतं. गोंदियाकडची पॅसेंजर यायची होती. फाटक पडण्याआधीच पलीकडे गेलेल्या निर्मलाबाईंचं सांगणं चालूच होतं, जांभळं लुगडं हातवारे करत होतं.

"मी बी एकदा वरतं जाऊन पाहाले पाहिजे होतं," तो गाडीच्या दिशेने बघत म्हणाला. "तुया मायले लई बरं वाटलं असतं."

गाडी आली, त्यांच्या समोरून गेली, आणि फाटकवाल्याने दांडा वर केला. "चाला ना जी लवकर!" पलीकडून निर्मलाबाई ओरडल्या. चैतरामने सायकल पुढे ढकलली. प्रेमिला थोडा वेळ तिथेच उभी राहिली, मग पळत जाऊन त्याला गाठलं.